बोटभर, काळा, न कापलेला

ब्रशांच्या कारखान्यात केसाला माल म्हणतात. डुकराचा माल, घोड्याचा माल, बकऱ्याचा माल. तोच केस निवड खात्याच्या टेबलावरून उठून कॅन्टीनच्या ताटात जाऊन बसला की त्याला घाण म्हणतात. माल आणि घाण यांच्यामध्ये एकच दार होतं, आणि त्या दाराची जबाबदारी भिंगसाहेबांवर होती.

दारात छताला एक दांडगा पंखा होता. जेवायला येणाऱ्या प्रत्येकानं त्याच्याखाली उभं राहून दोन्ही हात वर करायचे, एक गिरकी घ्यायची आणि मगच आत शिरायचं. रोज दुपारी चारशे माणसं अशी नाचत जेवायला येत. आत आल्यावरही लगेच काही मिळत नसे. पहिलं ताट भिंगसाहेबांचं. आधी ते भिंगातून ताट तपासत, मग प्रत्येक पदार्थाचा एकेक घास सावकाश चावून गिळत आणि मान हलवत. मान हलली की वाढप सुरू. तोवर चारशे भुकेले जीव रिकामी ताटं धरून एका माणसाच्या जबड्याकडे बघत उभे राहत. एवढं लक्ष देऊन कुणी भाषण ऐकलेलं त्या गावानं पाहिलं नव्हतं.

हे काम भिंगसाहेबांकडे उगाच आलं नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी निवड खात्यात केस निवडले होते. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे, लांबीप्रमाणे, रंगाप्रमाणे. केस चिमटीत धरून गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं की ते सांगत, डुक्कर मानेचं की पाठीचं, म्हातारं की तरणं. आणि या माणसाला केसाची विलक्षण किळस होती. साबणाला चिकटलेला ओला केस दिसला की ते नवा साबण काढत. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला, बुडून मेलेल्या उंदरासारखा तो गुंता त्यांना एकदा चुकून दिसला होता, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या छातीवर दाट रान होतं. त्याची गाठ पडू नये म्हणून ते बनियन घालूनच आंघोळ करतात, असं त्यांची बायको शेजारपाजारी सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालात, आतल्या अंगाला गाठ आली. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि भोक पडलं तिथं कातड्याचं ठिगळ लावलं. गाठ साधी निघाली. ‘दर आठवड्याला आरशात बघत जा, सहा महिन्यांनी दाखवायला या,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. भिंगसाहेब गेले नाहीत. ज्या माणसाला न्हाणीघराची जाळी बघवत नाही, तो स्वतःच्या तोंडाच्या आत काय बघणार? दात घासतानाही ते डोळे मिटून घेत. निवड खात्याची धूळ त्यांना बंद झाली, आणि कारखान्यानं त्यांना कॅन्टीनच्या पहिल्या ताटावर बसवलं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं.

मग एका सोमवारी पाव आणि परतलेले बटाटे होते. भिंगसाहेबांनी घास घेतला, चावला, आणि मध्येच थांबले. जिभेला काहीतरी लागलं होतं. बारीक, राठ, आणि चावण्याला अजिबात दाद न देणारं. बटाटा विरघळत होता, पाव विरघळत होता आणि त्या लगद्यातून ते एकटं सरसरत घशाकडे निघालं होतं. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि ते बाहेर ओढलं. लाळेची एक तार त्याच्यासोबत आली, लोंबली आणि तुटली.

त्यांनी ते रुमालावर पुसलं आणि भिंग लावलं.

“बोटभर,” ते मोठ्यानं म्हणाले. “काळा. राठ. मुळाशी गाठ आहे. टोक निमुळतं, न कापलेलं.”

मग हात वर करून त्यांनी तो केस चारशे जणांना दाखवला. मागच्यांना दिसला नाही, पण किळस त्यांच्यापर्यंत पोचली.

“मावशी, इकडे या! हे काय आहे?”

मावशी म्हणजे आचारीण. अठरा वर्षं ती त्या भट्ट्यांपुढे उभी होती. सगळा कारखाना तिला मावशी म्हणे, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते तेही. ती आली, वाकली, बघितलं.

“केस दिसतोय, साहेब.”

“कुणाचा?”

“नाव असतं त्याच्यावर तर वाचून सांगितलं असतं.”

हॉलमध्ये हसू फुटलं. भिंगसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्यांनी वहीत शेरा लिहिला. एक शेरा म्हणजे काही नाही. दोन म्हणजे ताकीद. तीन शेरे झाले की आचाऱ्यानं पळी खाली ठेवायची. मावशीच्या बाबतीत पळीबरोबर खोलीही जाणार होती, कारण भट्टीमागच्या त्या एका खोलीशिवाय तिला जगात दुसरं छप्पर नव्हतं.

दुसरा केस अकरा दिवसांनी निघाला. उकडलेल्या अंड्यातून.

“अंड्यात?” मावशीनं कमरेवर हात ठेवले. “साहेब, अंड्यात केस मी कुठून घालू? कोंबडीला विचारा.”

“सोलताना चिकटला असेल.”

“माझ्यासमोर तुम्हीच सोललंत की!”

हे खरं होतं. पण केसही खरा होता. बोटभर, काळा, न कापलेला. भिंगसाहेबांनी दुसरा शेरा लिहिला आणि शास्त्रशुद्ध विचार सुरू केला. डोक्याचा केस कापलेला असतो, त्याचं टोक बोथट. हा जन्मात कात्री न बघितलेला. म्हणजे अंगावरचा. कॅन्टीनमध्ये अंगावर एवढा माल बाळगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे कणीक मळणारा पहिलवान. पहिलवानाला त्यांनी खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि त्याच्या हातावरून भिंग फिरवलं. पहिलवानाला गुदगुल्या झाल्या.

“रंग जुळतोय,” भिंगसाहेब म्हणाले.

“साहेब, मी तर अंड्याला हातसुद्धा लावला नाही हो.”

“कणकेतून उडाला असेल. खांद्यापर्यंत काढून टाका.”

दुसऱ्या दिवशी पहिलवान आला तो सोललेल्या कोंबडीसारखे हात घेऊन. बारीक बारीक पुटकुळ्या उठलेल्या, गुलाबी. ते दोन हात कणकेत बुडताना बघून जेवणाऱ्यांची भूक आणखीच मेली. आता लोक घास घेण्याआधी पाव फाडून बघत, भात चिवडत, भाजी चमच्यानं उलटीपालटी करत. भिंगाचं शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते मावशीच्या डोक्याकडे बघत. तिची वेणी जाडजूड होती, आणि दोन टोप्या घातल्या तरी मानेवर दिसायची. बांधणी खात्यातल्या कुणीतरी मागून हाक मारली, “मावशी, आज कुठल्या जातीचा ब्रश वाढताय?”

दुसऱ्या दिवशी मावशीनं पहिलं ताट आणून भिंगसाहेबांपुढे ठेवलं आणि टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. कानामागे वस्तऱ्याचा एक लाल ओरखडा.

बांधणी खात्यातल्या माना खाली गेल्या.

“अहो, पण मी डोक्याचा नाही म्हणालो होतो,” भिंगसाहेब पुटपुटले.

“तुमचं भिंग तुम्हाला कळतं, साहेब. माणसं माझ्या डोक्याकडे बघतात. आता बघू देत. जेवा.”

भिंगसाहेबांनी ताटावरून भिंग फिरवलं. स्वच्छ. पावाचा कडक तुकडा तोडला आणि चावायला घेतला. सातव्या की आठव्या चावण्याला त्यांचा जबडा थांबला. त्यांनी मावशीच्या त्या उघड्या, चकचकीत डोक्याकडे पाहिलं, आणि क्षणभर गिळून टाकावं असं त्यांना वाटलंही. पण केस गिळायचा? पोटात, आतड्यात, गोळा होऊन, तिथं तो राहणार, ओला... त्यांना उमासा आला. बोटं आपोआप तोंडात गेली.

तिसरा शेरा.

“एक विचारू?” मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं. “ताटात तुम्हाला केस कधी दिसला? एवढं भिंग लावता, ताट नेहमी साफ. तोंडात गेला की निघतो. आणि ज्या दिवशी नुसतं सूप असतं, चावायचं काही नसतं, त्या दिवशी निघत नाही. असं का?”

“म्हणजे मी घरून केस तोंडात घेऊन येतो, असं तुमचं म्हणणं?”

“मी कशाला म्हणू! मी शाळेत दोन यत्ता शिकलेली.”

मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, शनिवारी निकाल देतो असं सांगितलं. निकाल काय ते सगळ्यांना माहीत होतं. मावशीनं खोलीतल्या वस्तू खोक्यात भरायला घेतल्या.

गुरुवारी संध्याकाळी भिंगसाहेब घरी जेवायला बसले. घरीही हल्ली तेच चाललं होतं. मधूनच एखादा केस निघायचा. बायकोला ते काही बोलत नसत, नुसता तो ताटाच्या कडेला ठेवून तिच्याकडे बघत. बायको म्हणे, “माझा पांढरा आणि हातभर लांब. हा माझा नव्हे. आणलात कारखान्यातून कपड्यांना चिकटवून.” आणि विषय संपे.

त्या संध्याकाळी पुन्हा जिभेला लागला. भिंगसाहेबांनी चिमटीत धरला आणि ओढला.

तो आला नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. डावा गाल आतल्या आत ताणला गेला, टेंटची दोरी ओढल्यावर कापड ताणतं तसा. डोळ्यांत टचकन पाणी आलं. केस तिथंच होता. एक टोक त्यांच्या बोटात आणि दुसरं... भिंगसाहेबांनी केस सोडला आणि गाल धरला.

“अहो, काय झालं? आ करा बघू.”

“नको.”

“आ करा म्हणते ना!”

बायकोनं टॉर्च आणला, त्यांची हनुवटी धरली आणि आत उजेड टाकला. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं.

“अगं, काय आहे?” भिंगसाहेब उघड्या तोंडानं म्हणाले.

“अहो,” ती म्हणाली, “तुमच्या गालात तुमची छाती आहे.”

“काय बोलतेस?”

“मी ओळखते ना हे केस! बत्तीस वर्षं बघतेय. तेच रान, तसंच एका बाजूला कललेलं. ओलं झालंय एवढंच.” मग तिनं टॉर्च विझवला, साडीच्या पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि आपलं ताट उचलून आत नेलं. परत आली ती जेवली नाही.

भिंगसाहेब मोरीपाशी गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं त्यांनी बाहेर काढलं. ओकून झाल्यावर त्यांना आठवलं की हे सगळं त्या केसांवरूनच बाहेर आलं, आणि त्यांना पुन्हा ओकारी आली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात आरसा घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. अशा चेहऱ्याच्या डॉक्टरांना रोग्यानं घाबरावं.

“वा! छान धरलंय ठिगळ!”

“डॉक्टर, केस.”

“येणारच. सहा महिन्यांनी या म्हटलं होतं ते यासाठीच. गालाच्या आतल्या अस्तराला केसाची मुळंच नसतात. तळहाताला नसतात, ओठाला नसतात, तसंच. पण मी तुमच्या छातीचं कातडं घेतलं, आणि ते मुळांसकट आलं. त्या मुळांना काय कळतंय आपण कुठं आहोत ते! त्यांच्या मते ती छातीवरच आहेत. जरा अंधार आहे, जरा ओल आहे, पण छातीच.”

“पण दीड वर्ष तर काही नव्हतं.”

“धक्का बसतो हो त्यांना. कापाकापी झाली की मुळं झोपी जातात. जाग आली की कामाला लागतात. आणि प्रत्येक केसाची वेळ वेगळी. काही महिने वाढायचं, आपल्या लांबीला थांबायचं, मग मूळ सोडून गळून पडायचं. गळायला आलेला केस तुम्ही चावलात की सुटतो. एरवी ते ओले होऊन गालाला चिकटून असतात, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही.” डॉक्टरांनी आरशातून मोजले. “सतरा उभे आहेत. चार-पाच वेळा यंत्रानं जाळू, संपेल. आणि पुरुषाचं वय वाढतं तसे छातीचे केस राठ होतात बरं का, तेव्हा फार थांबू नका.”

भिंगसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सतरा. त्यांनी आयुष्यात लाखो केस मोजले होते, पण एवढ्या आकड्यानं त्यांना कधी घेरी आली नव्हती. प्रत्येक घास त्या सतरा जणांमधून गाळून आत जात होता. चहा त्यांना भिजवून जात होता. दोन दातांमध्ये अडकलेला भाताचा कण आणि त्याच्यावर पडलेली ती ओली झालर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“कुणाला सांगावं लागतं का हे?” त्यांनी विचारलं.

“सांगायचं कशाला? महिन्याभरात तुम्हीसुद्धा विसराल.”

कारखान्याकडे चालताना भिंगसाहेबांच्या मनात हे वाक्य गोड गोड घोळत होतं. महिन्याभरात केस जातील. उद्या मावशी जाईल. नवी आचारीण येईल, आणि तिच्या जेवणात केस निघणार नाही, म्हणजे शेरे बरोबरच होते असं सिद्धही होईल. एकाही माणसाला कळणार नाही की चारशे जणांचं अन्न चाखणाऱ्या तोंडात काय उगवलंय. दुपारी त्यांनी पहिलं ताट उजव्या बाजूनं चावून संपवलं. केस निघाला नाही. त्यांनी मान हलवली. मावशी समोर उभी होती, डोक्यावर दोन दिवसांचे राखाडी खुंट, आणि तिनं नुसतं विचारलं, “मीठ ठीक आहे ना, साहेब?” उद्या हिची पळी सुटणार होती आणि ती मिठाचं विचारत होती.

वाढप आटोपल्यावर भिंगसाहेब भट्टीमागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत तीन खोकी बांधून तयार होती.

“मावशी, तुमचा नव्हता तो.”

“ते मला ठाऊक आहे.”

“पहिलवानाचाही नव्हता.”

“तेही ठाऊक आहे.”

भिंगसाहेबांनी मग सगळं सांगितलं. गाठ, ठिगळ, मुळं. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मावशी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “दाखवा.”

“नको हो. घाण आहे.”

“माझं डोकं चारशे जणांनी बघितलं. मी तुमचं तोंड बघते.”

त्यांनी आ केला. मावशी वाकली आणि झटकन मागे सरली. अठरा वर्षं तिनं कोंबड्या सोलल्या होत्या, आतडी उपसली होती, उन्हाळ्यात कचऱ्याच्या पिंपातल्या अळ्या हातानं काढल्या होत्या. “शी, शी, शी!” ती म्हणाली आणि पदर नाकाला लावला. “अहो, हे घेऊन तुम्ही माझी भाजी चाखत होतात?”

“उद्या मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन सांगतो सगळं. शेरे खोडतो.”

“खोलीत?” मावशी म्हणाली. “मला खोलीत नाचवलंत का? सगळ्यांपुढे केस वर धरला होतात. तिथंच सांगा. नाहीतर राहू द्या, खोकी बांधून झालीत माझी.”

रात्रभर बायकोनं त्यांना फक्त एकच वाक्य सांगितलं, “सांगायचं असेल तर एकदम सांगून टाका, चघळत बसू नका.”

शनिवारी मोठे साहेब निकाल द्यायला स्वतः हॉलमध्ये आले आणि पहिल्या रांगेत जेवायला बसले. भिंगसाहेबांना वाढपापूर्वी तोंड उघडायचा धीर झाला नाही. त्यांनी मान हलवली, चारशे ताटं भरली, चारशे माणसांनी पहिला घास तोंडात घातला, आणि तेव्हा कुठे त्यांचे पाय उभे राहिले.

“जो केस निघत होता,” ते निवड खात्यातल्या सवयीनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बोटभर, काळा, न कापलेला. तो माझा आहे. माझ्या डाव्या गालात आतून उगवतो. छातीचं कातडं तिथं लावलंय. आत्ता सतरा उभे आहेत. गळायला आला की जेवताना सुटतो. मावशींचं अन्न स्वच्छ होतं. तिन्ही शेरे खोटे.”

चारशे जबडे जागच्या जागी थांबले. कुणालाही तोंडातला घास पुढे ढकलता येईना आणि बाहेरही काढता येईना. प्रत्येकाची जीभ नकळत आपापल्या डाव्या गालाकडे गेली होती.

“आतून म्हणजे... ओले?” बांधणी खात्यातून एक आवाज आला.

“ओलेच की. तोंडात काय सुकणार?”

मोठ्या साहेबांनी रुमालात घास काढला. तेवढं निमित्त पुरलं. बाकडी सरकली, ताटं खाली ठेवली गेली, एक जण पंख्याखालून धावत बाहेर गेला, त्याच्यामागे दहा गेले. निवड खात्यातले दोघे जुने सोबती मात्र जवळ आले आणि म्हणाले, “भाऊ, आ कर की जरा.” त्यांनी बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि एक म्हणाला, “माल बरा आहे.” मग तोही तोंड दाबून बाहेर पळाला.

मोठ्या साहेबांनी दारात उभं राहून, रुमाल तोंडावरून न काढता निकाल दिला. शेरे रद्द. मावशी कायम. आणि पहिल्या ताटावर सोमवारपासून दुसरा माणूस. कुणीही चालेल, फक्त त्याच्या तोंडाची आधी तपासणी करून घ्या.

हॉल रिकामा झाला. एकेका घासापुरतं चिवडलेलं चारशे जणांचं अन्न वाफा सोडत पडलं होतं. मावशी बाकड्यांमधून चालत आली. टोपी डोक्यावर नव्हती.

“खरं बोला म्हटलं होतं, साहेब. लोकांच्या तोंडात घास असताना बोला असं कुठं म्हटलं होतं मी?”

“आधी धीर झाला नाही.”

“पहाटे चारला उठून शिजवलंय हे.” ती त्यांच्यासमोर बसली. “मी माफ केलं म्हणून घरी जाल, असं वाटलं असेल तर ते विसरा. बसा. जेवा.”

भिंगसाहेब बसले. भात, भाजी, पावाचा कडक तुकडा. डाव्या बाजूनं चावायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण मावशी टक लावून बघत होती, आणि अशा नजरेपुढे माणसाला बाजू राखून जेवता येत नाही. चौथ्या घासाला त्यांचा जबडा थांबला.

मावशीनं भुवया उंचावल्या. “काय?”

भिंगसाहेबांची बोटं ओठांपर्यंत गेली. मग त्यांनी ती खाली घेतली, डोळे घट्ट मिटले, आणि गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथं थोडी अडखळली आणि खाली आली. कपाळावर घाम फुटला होता.

“काही नाही,” ते म्हणाले. “भाजी चांगली झालीय.”